माफी तुमच्या वाट्यापुरती

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका बहिणीचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात देते.

"आम्ही दोघी बहिणी आणि मोठा भाऊ. वडील २००९ साली गेले. दिवस उरकल्यावर दादा म्हणाला, वारसनोंदीसाठी तालुक्याला येऊन सह्या करा. आम्ही दोघी गेलो. कचेरीत फोटो काढले, अंगठे घेतले. कागद कुणी वाचून दाखवला नाही आणि आम्हीही मागितला नाही, सख्खा भाऊ म्हणून. तीन वर्षांनी कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. सात एकरांवरचा आमचा हक्क गेला होता. माझं बरं चाललं होतं, मी गप्प बसले. धाकटीचं तसं नव्हतं. नवरा गेला, पदरात एक मुलगी. पोरीच्या फीसाठी ती दादाकडे गेली तेव्हा तो म्हणाला, 'सही करताना कळत नव्हतं का?' त्याच वर्षी त्याने रस्त्याकडेची दीड एकर विकून बंगला बांधला. त्यानंतर धाकटीने माहेरचा उंबरा चढला नाही. २०१८ साली ती गेली.

आता दादाला कर्करोग झालाय. डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितलेत. त्याने बोलावून घेतलं, हात धरून रडला. म्हणाला, 'मला माफ कर, हे ओझं घेऊन जायचं नाही मला.' माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून वहिनी, चुलते, सगळे फोन करतायत की माफ कर, नाहीतर त्याचा जीव अडकेल. भाची म्हणते, 'मावशी, तुझं तू बघ, पण आईच्या वतीनं काही बोलू नकोस.' दादानं आईला शेवटची सहा वर्षं सांभाळलं, हेही खरं आहे. माफ केलं नाही तर मला पाप लागेल का? आणि माफ केलं तर सगळ्यावर पाणी सोडलं असं होईल का?"

ताई,

पापाचा प्रश्न आधी. नाही, लागणार नाही. त्या दिवशी तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही, याचीही खंत बाळगू नका. मनात नसताना 'जाऊ दे, माफ केलं' म्हणून उठला असतात, तर तो भावाशी केलेला खोटेपणा झाला असता. आणि त्याच्याकडे आता खोट्याला वेळ उरलेला नाही.

तो काय म्हणाला, ते वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत हे बरं केलंत. "हे ओझं घेऊन जायचं नाही मला." यात ओझं आहे, जाणं आहे, आणि दोन्ही त्याचंच आहे. कचेरीतली ती सही यात नाही. धाकटीला ऐकवलेलं ते बोलणं नाही, तिच्या पोरीची फी नाही. तो ढोंग करतोय असं मी म्हणत नाही. मरणाच्या दारातला माणूस घाबरतो आणि त्याचं रडणं खरं असतं. त्याने स्वतःहून बोलावलं, हात धरला, हेही कमी नाही; कितीतरी भाऊ तेवढंही न करता जातात. पण त्याला जे हवंय ती सुटका आहे. पश्चात्ताप त्याच्या पुढची पायरी आहे, तिथे आपण कुणाचं काय नुकसान केलं ते तोंडाने बोलावं लागतं आणि हातात असेल तेवढं परत करावं लागतं. तुमचा दादा पहिल्या पायरीवर उभा आहे. पुढची चढायला त्याच्याकडे अजून काही आठवडे, कदाचित महिने आहेत.

आता तुमच्या भाचीचं म्हणणं. सगळ्या फोनांमध्ये शहाणपणाचं बोलणं मला तिचंच वाटलं.

तुकोबांच्या घरची महाजनकी होती हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. दुष्काळानंतर विरक्ती आली तेव्हा त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हेही कीर्तनांत येतं. पण पारंपरिक चरित्रांत त्याआधीचा एक भाग आहे, तो सांगताना घाईघाईने उरकला जातो. खतं घरची होती, त्यांत धाकट्या भावाचा, कान्होबाचा हिस्सा होता. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. कान्होबाचे त्याच्या हवाली केले आणि फक्त आपले पाण्यात सोडले. ज्या माणसाला पैशाचा विटाळ वाटू लागला होता, त्यानेही भावाच्या येण्यावर पाणी सोडलं नाही, कारण ते सोडण्याचा अधिकार त्यांचा नव्हता.

तुमचं प्रकरण नेमकं असंच दोन भागांचं आहे. एक फसवणूक तुमची झाली. ती माफ करायची की नाही, कधी, कशी, हे सर्वस्वी तुमचं. उद्या सकाळी दादाकडे जाऊन काहीही न मागता ती माफ केलीत तरी कुणाला बोलायचा हक्क नाही. दुसरी फसवणूक धाकटीची. तिची नुसती जमीन गेली नाही. गरजेच्या वेळी जी तिची होती त्याच जमिनीवरून तिला टोचून बोललं गेलं. ती आज नाही. तिच्या वतीने 'झालं गेलं' म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही, चुलत्यांना नाही, कीर्तनकाराला नाही. तिच्या मुलीलाही फक्त आपल्यापुरता आहे.

मग मेलेल्या माणसाची माफी मागायचीच नाही का? यावर फार जुना आणि फार व्यवहारी विचार झालेला आहे. आपल्याकडे अलिबाग-पेणच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू राहत आले. त्यांच्या धर्मात योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा सर्वांत मोठा दिवस, कडक उपवासाचा. पण ज्यूंच्या मिश्ना या प्राचीन संहितेत स्पष्ट लिहिलंय की हा दिवस माणूस आणि देव यांच्यातली पापं धुतो. माणसामाणसातली धुतली जात नाहीत, जोवर दुखावलेल्याची समजूत घातलेली नाही. बाराव्या शतकातले त्यांचे मोठे धर्मपंडित मैमोनिडीस यांनी पुढची अडचणही सोडवून ठेवली आहे. ज्याचा अपराध केला तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यासमोर सांगायचं, मी या माणसाचा अमुक अमुक अपराध केला. आणि त्याचं काही देणं असेल तर ते त्याच्या वारसांना द्यायचं. हेच मैमोनिडीस असंही बजावतात की कुणी मनापासून माफी मागत असेल तर दुखावलेल्याने निष्ठुर होऊ नये. म्हणजे दोन्ही बाजूंना काम दिलेलं आहे. धाकटीची समाधी नाही, पण नातेवाईक आहेत आणि वारस आहे, तिची मुलगी. दादाला जे करायचंय ते तिच्याशी करता येईल.

आता जमिनीचं बोलू. जमिनीवर बोललं की बाई लोभी ठरते, या भीतीने तुम्ही पत्रात ते एका ओळीत उरकलं आहे.

९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मतः आणि मुलाइतकाच आहे. तुमचे वडील त्यानंतर गेले, त्यामुळे सही करायच्या दिवशी तुम्ही दोघी बरोबरीच्या मालकीण होतात. (इतर वाचक बहिणींसाठी: वडील त्याआधी गेले असले तरी, रीतसर वाटप पूर्वीच झालेलं नसेल तर, हा हक्क जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात ते स्पष्ट केलं आहे.) तुमच्यापासून लपवून ठेवायला नको अशी एक गोष्ट मात्र सांगते. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून घ्यायला मुदत तीन वर्षांची असते आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजली जाते. तुम्हाला २०१२ मध्ये कळलं. धाकटीला कधी कळलं आणि काही लेखी आहे का, ते वकिलाला नक्की दाखवा, पण कोर्टाची वाट बहुधा बंद झालेली आहे हे धरून चाला.

म्हणूनच दादाचा हा पश्चात्ताप इतका मोलाचा आहे. जे कोर्ट आता देऊ शकणार नाही, ते तो देऊ शकतो. आणि तो गेल्यावर जमीन त्याच्या बायकोमुलांच्या नावावर चढली की त्यांच्यापैकी कुणीही म्हणेल, आम्ही कुणाला फसवलेलं नाही. तसं म्हणणं खोटंही नसेल.

हिशेब मांडून बघा. आईचा वाटाही पुढे तिघांतच यायचा होता. सात एकरांचे तीन भाग केले तर प्रत्येकी दोन एकर तेरा गुंठे. विकलेली दीड एकर दादाच्या भागात धरा; ज्याने विकत घेतली त्याला यात ओढू नका, त्याने पैसे मोजलेत. साडेपाच एकर उरली. दोघी बहिणींचा भाग पुरता काढला तर दादाच्या मुलांकडे तेहतीस गुंठे राहतात. इतकी वर्षं ते तीच जमीन कसतायत. तुम्ही तुमचा भाग सोडलात आणि फक्त धाकटीचा तिच्या मुलीला दिला, तर मुलांकडे तीन एकर सात गुंठे राहतात. त्यावर घर चालू शकतं.

तुम्ही सोडाच, असं मी म्हणत नाही. तुमची परिस्थिती तुम्हाला ठाऊक, आणि पूर्ण मागितलंत तरी ते न्यायाचंच मागणं असेल. पण पत्रावरून वाटतं की तुमच्या मनात दादाला काहीतरी द्यायचं आहे, फक्त ते फुकट जाऊ नये असंही वाटतंय. तर तुमच्या हातात देण्यासारखी ही खरी गोष्ट आहे. माफी मनातल्या मनात न राहता तिला दोन एकर तेरा गुंठ्यांचं वजन येईल. भाचीच्या दोन एकर तेरा गुंठ्यांवर मात्र उदार होऊ नका.

आईला सहा वर्षं सांभाळलं, त्याचं काय? ते मोलाचं आहे आणि ते तुम्ही दादासमोर बोलून दाखवा, त्याला ते ऐकायची गरज असेल. आईचं आजारपण, औषधपाणी, रात्रीची जागरणं यांचा मोबदला म्हणून तिघांनी बसून त्याला जास्त वाटा देणं पूर्ण न्याय्य ठरलं असतं. तुम्ही दोघींनी बहुधा हूं की चूं केलं नसतं. त्याने ते मागायला हवं होतं. सेवा केली म्हणून न विचारता घ्यायचा हक्क उत्पन्न होत नाही, आणि सह्या झाल्या तेव्हा ती सहा वर्षं तर पुढेच होती.

भावकीच्या फोनांबद्दल थोडं कडक लिहिते. मरणाऱ्याचा जीव अडकेल म्हणणाऱ्या चुलत्यांपैकी कुणी २०१२ मध्ये दादाला फोन केला होता का? धाकटी फीसाठी वणवण करत होती तेव्हा? तसं काही झालं असतं तर तुमच्या पत्रात आलं असतं. घरातला अन्याय सगळ्यांना ठाऊक असतो, त्यावर कुणी बोलत नाही, आणि शेवटी शांतता हवी झाली की तिची किंमत जिचं गेलं तिच्याकडूनच वसूल केली जाते. त्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. फारच झालं तर म्हणा, "माझं आणि दादाचं बोलणं चालू आहे." ते खरंही असेल.

माफी आधी आणि भरपाई मागाहून, असा क्रम लावला की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर तिथे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. १९९६ पासून सुनावण्या झाल्या. छळ करणाऱ्या, खून पाडणाऱ्या माणसांना कायद्याने माफी मिळू शकत होती, पण अट अशी की राजकीय हेतूने जे जे केलं ते सगळं उघड सांगायचं. त्यात एक गोष्ट मोठी झाली: बेपत्ता मुलांचं काय झालं ते कित्येक आयांना पहिल्यांदा कळलं. सत्याचं मोल केवढं असतं ते तिथे दिसलं. पण माफी देण्याचा अधिकार आयोगाच्या हातात होता आणि भरपाईची त्याला फक्त शिफारस करता येत होती. आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. पीडितांना सहा वर्षं दरवर्षी मदत द्यावी असं त्याने सुचवलं होतं. सरकारने २००३ मध्ये एकदाच तीस हजार रँड द्यायचं जाहीर केलं. माफी मिळालेले तोवर आपापल्या घरी होते. टूटूंसारखा क्षमेवर नितांत विश्वास असलेला माणूसही या दिरंगाईवर नाराज होता. तुमच्या घरात माफी कुणाला देऊ नका असा याचा अर्थ मी काढत नाही. सत्य आणि परतफेड 'नंतर बघू'वर टाकू नका, एवढाच काढते.

दादाशी कसं बोलावं? एकट्याने जा. सकाळी जा, औषधाची गुंगी नसेल तेव्हा. त्याच्या आवडीचं काहीतरी करून न्या, त्याला खाववत असेल तर तुमच्या हातानं भरवा. आजाऱ्याच्या खाटेचं कोर्ट करायचं नाही. मग साधं सांगा. माझ्या मनात येतं ते असं: "दादा, मला तुला माफ करायचंय. माझ्यापुरतं मी करीन. पण धाकटीचं मला करता येत नाही, ते तुलाच करायला लागेल. तिच्या पोरीला बोलाव. तिच्या आईला काय बोललास ते तिच्यापुढं कबूल कर. त्या दिवशी कचेरीत काय झालं ते वहिनीला आणि पोरांना तुझ्या तोंडून सांग. आणि तिच्या आईचं तिला देऊन जा."

इतकंच. एका दमात बोललात तर दोन मिनिटंही लागणार नाहीत. नंतर तो रडेल, चिडेल, किंवा तोंड फिरवेल. काहीही केलं तरी वाद घालू नका, बसून राहा.

मुलांसमोर त्याने स्वतः सांगणं मला जमिनीइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कदाचित इतकी वर्षं ऐकलेलं असेल की आत्यांनी राजीखुशीने हक्क सोडला. बापाच्या तोंडून खरं ऐकलेली मुलं उद्या भाचीच्या नावाला हरकत घेताना दहादा विचार करतील. शिवाय त्या बंगल्यात राहायचंय त्यांनाच. कशावर उभा आहे ते कळण्याचा त्यांनाही हक्क आहे.

तो 'हो' म्हणाला तर वेळ घालवू नका आणि कागद पक्का करा. "मृत्युपत्रात लिहून ठेवतो" यावर थांबू नका. मृत्युपत्र कधीही बदलता येतं आणि नंतर त्यावर भांडणं होतात. त्याच्या हयातीत, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं बक्षीसपत्र हवं. त्याला कचेरीत नेणं शक्य नसेल तर आजारी माणसाच्या घरी येऊन दस्त नोंदवायची सोय कायद्यात आहे, तसा अर्ज करावा लागतो. नुसता सातबाऱ्यावर नाव चढवण्याचा फेरफार पुरेसा नाही, त्याने मालकी ठरत नाही. तुकडेबंदीची (शेतीचे फार लहान तुकडे पाडायला असलेल्या बंदीची) किंवा भाचीच्या शेतकरी असण्याची अडचण निघाली तर जमिनीऐवजी आजच्या भावाने रक्कम, तिच्या खात्यात. आणि त्या दिवशी दस्त त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावा, वहिनी आणि मुलं समोर असताना. तुमच्या दोघींच्या वेळी ते झालं नव्हतं.

तो 'नाही' म्हणाला तर? किंवा बोलणं होण्याआधीच गेला तर? शेवटपर्यंत भेटायला जात राहा, जाववत असेल तर. आजारी भावाला पाणी पाजलं म्हणजे अन्याय मान्य केला असं होत नाही. तुमच्यापुरता राग सोडायला तुम्हाला त्याच्या होकाराची गरज नाही. तुम्ही तो धरून दमला आहात, हे पत्रात ओळीओळीला दिसतं. राग सोडा आणि भाचीचं मागणं चालू ठेवा. ही दोन्ही कामं एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात, लोक काहीही म्हणोत. तो गेल्यावर दिवस उरकले की त्याच्या मुलांना बसवून तुम्ही स्वतः सांगा काय झालं होतं. तुम्ही त्या सहीच्या साक्षीदार आहात, आणि आता तुम्ही एकट्याच उरला आहात. त्यांच्यापैकी एखादा बापापेक्षा सरळ निघू शकतो.

भाचीशी मात्र आधी बोला, दादाकडे जाण्याच्याही आधी. तिला मामाचं तोंड बघायचं नसेल तर आग्रह करू नका. त्याने चार ओळी लिहून दिल्या तरी चालेल, तिने त्या वाचल्याच पाहिजेत असंही नाही. जमीन घेतली म्हणजे मामाला माफ केलं, असा अर्थ कुणी तिच्यावर लादू नये, हे तिच्या बाजूने तुम्हीच सगळ्यांना सांगायला हवं. आणि या आठवड्यात दोघी मिळून कागद काढा: २००९ च्या त्या दस्ताची नक्कल आणि सूची क्रमांक दोन (निबंधक कचेरीतला दस्ताचा गोषवारा), त्यावेळचा फेरफार, आजचा सातबारा, धाकटीचा मृत्यूचा दाखला आणि भाची तिची वारस असल्याचा पुरावा. ते घेऊन तालुक्याच्या नको, जिल्ह्याच्या वकिलाकडे जा, ज्याचं भावकीत कुणाशी येणंजाणं नसेल अशा.